चेन लाल झाली म्हणून सायकलच बदलायची का?

"ताई, मी ३४ वर्षांची, रत्नागिरीत नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड रोडबाईक घेतली, ॲल्युमिनियमची फ्रेम, शिमानो क्लॅरिसचे आठ गिअर, २५ एमएमचे टायर. दर रविवारी ग्रुपबरोबर आरे-वारेवरून गणपतीपुळ्याला जाऊन येतो. पण हा पावसाळा संपल्यापासून नुसता वैताग झालाय. चेन लालभडक, चढावर जोर लावला की गिअर उडतो, दर आठवड्याला पंक्चर, उजव्या हाताची बोटं बधिर होतात, सीट जरा खाली करायला गेले तर सीटपोस्ट (सीटखालची दांडी) जागचा हलत नाही, आणि चढावर मी सगळ्यांच्या मागे. ग्रुपमधले म्हणतात इथल्या खाऱ्या हवेत कार्बनच पाहिजे, गंज नाही आणि चढाला हलकी. दीड लाखाची एक बघून ठेवलीय, हप्त्यावर मिळतेय. नवरा म्हणतो आधी आहे ती तरी नीट वापर, हौस फिटली की ही पण पडवीत पडून राहील. काय करू?"

अगं, तू ताई म्हणालीस म्हणून सरळ अगं-तुगंवरच येते. आणि आधी उत्तर सांगते, कारणं मागून. हप्ता गळ्यात बांधून घेऊ नकोस, आत्ता तरी नको. तुझ्या सायकलला दीड लाखाचं काही झालेलं नाहीये. जे झालंय ते खारा वारा, लाल माती आणि चढ या तिघांनी मिळून केलंय, आणि हे तिघं नव्या सायकललाही सोडणार नाहीत.

कार्बनला गंज चढत नाही हे शंभर टक्के खरं आहे. पण तुझं पत्र तूच एकदा परत वाच. चेन, गिअर, पंक्चर, हात, सीटपोस्ट, चढ, यातली एक तरी तक्रार फ्रेम गंजल्याची आहे का? तुझी फ्रेम ॲल्युमिनियमची, ती लाल होतच नाही. लाल होते ती चेन, आणि दीड लाखाच्या सायकललाही चेन पोलादाचीच असते, बेअरिंगच्या गोळ्या, ब्रेकची केबल, बारीकसारीक बोल्ट सगळं तेच. म्हणजे तू नवी आणलीस आणि या वर्षी ठेवलीस तशीच ठेवलीस तर पुढच्या दिवाळीला चेन पुन्हा लाल, फक्त हप्ते चालू. उलट कार्बनमधे एक जास्तीची कटकट आहे जी तुझ्या ग्रुपमधे कोणी बोललेलं दिसत नाही. कार्बनमधून वीज वाहते, आणि कार्बनला ॲल्युमिनियम चिकटून असलं नि मधे खारं पाणी शिरलं की ॲल्युमिनियम झपाट्याने खाल्लं जातं. कार्बनच्या फ्रेममधे ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट अडकला की तो काढणं तुझ्या आत्ताच्या पोस्टपेक्षा कितीतरी अवघड, कारण तिथे ना उष्णता देता येत ना फार जोर लावता येत, फ्रेमच तडकायची भीती. त्यामुळे "समुद्राकाठी कार्बन" हे जे छातीठोकपणे सांगितलं जातं ना, ते मला अर्धवट वाटतं.

आता तुझ्या सीटपोस्टचंच आधी घेऊ, कारण मला वाटतं निम्मं दुखणं तिथेच आहे. तू लिहिलंयस सीट खाली करायला गेले. म्हणजे सीट उंच आहे, बहुतेक आधीच्या मालकाच्या मापाची, आणि तू दोन वर्षं तशीच चालवतेयस. सीट उंच असली की माणूस पुढे कलंडतो, वजन हँडलवर येतं, तळहाताची शीर दबते, बोटं बधिर. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर हमखास हेच. अंगठा आणि पहिली दोन बोटं होत असतील तर मनगट वाकवून धरतेयस का ते बघ. आणि सायकलवरून उतरल्यावरही बधिरपणा दिवस दिवस जात नसेल तर मग माझा सल्ला नको, सरळ डॉक्टरकडे जा. उजवाच हात का, तर सायकलसमोर उभी राहून बघ, उजव्या ब्रेकचं रबरी हूड डाव्यापेक्षा खाली किंवा आत वळलेलं असतं बरेचदा, कुठेतरी पडली असेल सायकल आणि कोणी सरळ केलं नसेल. जाड ग्लोव्हज घेऊन थोडा आराम मिळेल पण ते नंतर, आधी सीट.

तर पोस्ट सोडवायचा कसा. हातोडी मारू नकोस, कोणाला मारूही देऊ नकोस. आत्ता पोस्ट जिथे आहे तिथे टेपची खूण कर. मग क्लॅम्पचा बोल्ट पूर्ण काढ, क्लॅम्प वर सरकव, आणि फटीत गंज सोडवायचं पातळ तेल सोड, चारी बाजूंनी. रात्रभर राहू दे. सकाळी परत सोड. संध्याकाळी कोणीतरी पुढचं चाक आणि हँडल घट्ट धरायचं (नवऱ्यालाच धरायला सांग) आणि तू सीट दोन्ही हातांनी धरून डावी-उजवी पिळायची, वर ओढायची नाही, नुसती पिळायची. आतमधे ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी साठून फुगलेली असते, ती मोडली की कर्र आवाज येतो, तो आवाज आला की समज सुटली. तीन-चार दिवस करूनही हललीच नाही तर मेकॅनिककडे ने, सीट काढून पोस्टचं डोकं व्हाइसमधे पकडून फ्रेम फिरवतात, ते नवख्याचं काम नाही. निघाल्यावर पोस्ट आणि नळीची आतली बाजू कोरड्या फडक्याने पूस, सायकल उलटी करून आतलं पाणी काढ (निघेल, बघशील), ग्रीस लाव आणि इथून पुढे दर दोन महिन्यांनी एकदा पोस्ट काढून परत ग्रीस, पावसात तर दर महिन्याला. उंची लावताना सोपा हिशोब, सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवायची, पॅडल एकदम खाली असताना गुडघा सरळ झाला पाहिजे पण कंबर एका बाजूला झुकता कामा नये. मग नेहमीसारखा चवडा पॅडलवर ठेवलास की गुडघा आपोआप किंचित वाकलेला राहतो. सीटचं नाक खाली झुकलेलं असेल तर सपाट कर, नाहीतर सारखी पुढे घसरशील आणि हातांवर भार तसाच.

आता चेन. आपल्याकडे नुसत्या पाण्याने एवढा गंज येत नाही, मिठाने येतो. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ते रोज बघतेस ना, तेच चेनच्या कड्याकड्यात चालू असतं, अगदी सायकल घरात उभी असताना सुद्धा. त्यात आपला जांभ्याचा लाल धुरळा. तेलकट चेनवर तो बसला की तेलाबरोबर पिनांच्या आत जातो आणि दर फेऱ्याला घासतो, चेन आतून झिजून लांबते, लांबलेली चेन कॅसेटच्या, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या, दातांवर नीट बसत नाही, आणि तू चढावर जोर दिलास की उडी मारते. गिअर उडतो म्हणतेस तो असा. तेव्हा आता त्या लाल चेनला तेल पाजून काही होणार नाही, आधी मोज. शाळेतली बारा इंची पट्टी घे, लोखंडी असली तर उत्तम. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेव, चेन ताणलेली पाहिजे. चांगल्या चेनमधे बारा इंचाच्या खुणेवर बरोब्बर पिनेचा मध्य येतो. अर्धा सूत म्हणजे इंचाचा सोळावा भाग पुढे गेला असेल तर चेन बदल, कॅसेट वाचेल. एक सूत गेला असेल तर चेन आणि कॅसेट दोन्ही, कारण झिजलेल्या दातांवर नवी चेन घातली की ती पण उडते आणि आठवड्यात तू मला शिव्या देशील. तुझं वर्णन वाचून मला तरी दोन्ही गेल्यासारखं वाटतंय. शिवाय कधीकधी नुसती केबल गंजून जड झाली म्हणूनही गिअर धड बसत नाही, म्हणून गिअरच्या आणि ब्रेकच्या केबल बाहेरच्या नळीसकट बदलून घे, आतली तार स्टेनलेसची मागून घे. पावसाळ्यानंतर हे आपल्याकडे दर वर्षीचं समज.

कॅसेट बदलायचीच आहे तर तिथेच तुझ्या चढाचं औषध आहे. तुझ्याकडे बहुतेक पुढच्या दोन चक्रांना ५० आणि ३४ दात आणि मागे ११ ते २८ असणार, मोजून बघ. सगळ्यात हलक्या गिअरला, म्हणजे पुढे ३४ मागे २८, पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण अडीच मीटर जाते. मागे ३२ दातांचं चक्र घेतलंस तर सव्वादोन मीटर. ऐकायला काहीच वाटत नाही, पण मिनिटाला ६० फेरे धरले तर पहिल्यात तुला चढावर ताशी सव्वानऊ किलोमीटरचा वेग ठेवावाच लागतो, दुसऱ्यात आठाला भागतं, पायांवर जोर न देता, गुडघे न दुखवता. आरे-वारेचा चढ लांब नाही, खडा आहे, आणि खड्या चढावर पाय अडकून बसणं हेच माणसाला मागे टाकतं. आता वजनाचं बघ. कार्बनवाली दोन किलो हलकी धरू. तू, सायकल, बाटल्या, टूल मिळून सत्तरेक किलो होत असतील तर दोन किलो म्हणजे शेकडा तीनच्या आतबाहेर. दहा मिनिटांच्या चढात जेमतेम पंधरा-वीस सेकंद. त्या सेकंदांसाठी दीड लाख? रेस करणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांना तेवढ्याचं मोल असतं, तुला त्या चढावर दम न लागता वर पोचून समुद्र बघायचाय. फक्त दुकानात मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) दाखवून विचार की हा किती दातांपर्यंत चालतो, काही आखूड पिंजऱ्याचे २८ च्या पुढे नीट घेत नाहीत. आणि मोठ्या कॅसेटला चेन पण दोन कड्या लांब लागू शकते, जुनीच्या मापाने डोळे झाकून तोडायला लावू नकोस.

पंक्चरचं तू एका ओळीत लिहिलंस पण खरं तर दर आठवड्याला होणारं पंक्चर हे नशीब नसतं, काहीतरी ठरावीक कारण असतं. पुढच्या वेळी ट्यूब काढताना टायरवर वॉल्व्हजवळ खूण कर, म्हणजे भोक टायरच्या कुठल्या जागी आलं ते जुळवता येईल. शेजारी शेजारी दोन भोकं असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्याच्या कडेवर किंवा जांभ्याच्या खडीवर ट्यूब रिममधे चिमटली. भोक आतल्या बाजूला, रिमकडे असेल तर रिमटेप सरकलीय, स्पोकचं भोक उघडं पडलंय. बाहेरच्या बाजूला आणि दर वेळी त्याच जागी असेल तर टायरमधे अजून काहीतरी रुतून बसलंय, ट्रकच्या फुटलेल्या टायरच्या बारीक तारा असतात हायवेवर, केसाएवढ्या, डोळ्याला दिसत नाहीत, कापसाचा बोळा टायरच्या आतून फिरव, जिथे अडकेल तिथे तार. ती चिमट्याने काढ. आणि टायर झिजलेच असतील तर २८ एमएमचे घाल, तुझ्या ब्रेकमधे आणि फ्रेममधे बसतात का ते आधी तपासून. तुझ्या वजनाला हवेचा दाब पुढे ६५ मागे ७० पीएसआयच्या आसपास सुरू कर. २५ च्या टायरमधे शंभर पीएसआय भरून खडबडीत रस्त्यावर दात वाजवत जाण्यात काही शहाणपण नाही, ते पण हाताच्या बधिरपणात भर घालतं. आणखी एक, तुझ्या चाकाला प्रेस्टा, म्हणजे बारीक लांबट, वॉल्व्ह असेल, तो पितळी छोटा अडॅप्टर कायम वॉल्व्हवरच लावून ठेव, नेवऱ्यात किंवा मालगुंडात पंक्चरवाल्याकडे गेलीस तर त्याच्या पंपाचं तोंड मोटरसायकलचं असतं, अडॅप्टर नसला की तो भला माणूस असूनही काही करू शकत नाही.

आता रोजची सवय, जी नसेल तर वरचं सगळं दहा महिन्यांत पुन्हा करायचंय. राईडवरून आलीस की आधी अंघोळ नाही, आधी सायकल, दहा मिनिटं. विहिरीचं किंवा नळाचं गोडं पाणी बादलीभर, मगने वरून ओत. सर्व्हिसिंगवाल्याच्या प्रेशर पंपाने अजिबात नको, ते पाणी सील ओलांडून बेअरिंगमधे जातं आणि आतलं ग्रीस घेऊन बाहेर येतं. आठवड्यातून एकदा पाण्यात भांड्यांचा साबण. मग दोनदा चाक जमिनीवर आपट, पाणी निथळू दे, आणि जुन्या सुती साडीचा तुकडा चेनभोवती धरून पॅडल उलटं फिरव. तुकडा काळा-लाल होईल, जागा बदल, परत फिरव, फडकं बऱ्यापैकी स्वच्छ निघेपर्यंत. चेन वाळली की तेल, आणि तेल म्हणजे धार नाही. एका कडीला नेलपॉलिशचा ठिपका दे, तिथून सुरू करून प्रत्येक रोलरवर एक एक थेंब, ठिपका परत आला की थांब. उलटं फिरवत एक मिनिट मुरू दे आणि मग बाहेरचं सगळं पुसून टाक, हे पुसणंच लोक विसरतात, तेल आत पाहिजे, बाहेर राहिलेलं फक्त धूळ गोळा करतं. शिलाई मशीनचं तेल पातळ पडतं, एका पावसात जातं. इंजिन ऑइल जाड, त्यावर लाल माती थापली जाते. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला चांगलं आहे, भिजून आल्यावर मार हवं तर, पण चेनवर टिकणारं वंगण ते नव्हे, पुसून वरून चेनचंच तेल घालायला हवं. पावसात ओल्या हवामानाचं, दिवाळीनंतर कोरड्या हवामानाचं. आणि जसं आगोटीला घर शाकारून, लाकूडफाटा भरून ठेवतो तसं मे अखेर सायकलचंही एक दिवस करून टाकायचं, सीटपोस्ट, हेडसेट (हँडलखालची बेअरिंग), पॅडलचे आटे, बाटलीच्या पिंजऱ्याचे बोल्ट, सगळीकडे ग्रीस. पडवीत पश्चिमेच्या वाऱ्याला उभी करू नकोस, आतल्या खोलीत ठेव.

ब्रेकपॅड मात्र दर पंधरा दिवसांनी बाहेर काढून बघच, इथे आळस नको. त्यात लाल खडीचे कण आणि रिमचीच ॲल्युमिनियमची चमकी रुतते, टाचणीने उकरून काढायची, नाहीतर रिम कातली जाते. रिम ओली असली की ब्रेक पहिल्या काही फेऱ्यांत लागतच नाही, म्हणून पावसात आरे-वारेच्या उतारावर वळणाच्या बरंच आधीपासून हलका ब्रेक धरून रिम पुसून घ्यायची. शेवाळ धरलेल्या कडेला जायचंच नाही. आणि कृपा करून फोटोसाठी पुळणीवर ओल्या वाळूत सायकल घालू नका कोणी, तिथे जी लाट चाकाखालून जाते ना ती हबमधे, म्हणजे चाकाच्या मध्यात, मीठ सोडून जाते.

वाऱ्याचं तुमचं गणित बरोबर आहे, सकाळी उत्तरेला पुळ्याकडे जाता आणि परत दक्षिणेला येता. थंडी-उन्हाळ्यात दुपारचा वारा वायव्येकडून येतो, परतीला पाठीवर मिळतो. एकटी निघशील तरी हीच दिशा ठेव. पहाटे निघताना मागचा लाल दिवा आणि पुढचा पांढरा दोन्ही, उजाडल्यावर सुद्धा मागचा चालू राहू दे, आंब्याच्या दिवसांत पिकअपवाले रात्रभर जागून गाडी मारतात आणि सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या माळावर, चिऱ्याच्या ट्रकना तू उशिरा दिसतेस. सड्यावर रेंज जाते, त्यामुळे नुसतं लाईव्ह लोकेशन पुरत नाही, किती वाजता कुठे पोचणार ते घरी सांगून निघ.

यावरून नवऱ्याचं. सायकलबद्दल तो बरोबर बोलला, हौसेबद्दल नाही. ज्या बाईने दोन वर्षं दुसऱ्याच्या मापाच्या सीटवर बसून, बधिर हाताने, उडणाऱ्या गिअरवर दर रविवारी पुळं गाठलं तिची हौस फिटणारी नाहीये, आणि हे त्याला तू शांतपणे सांगितलं पाहिजेस, कारण ते वाक्य तुला लागलंय हे तुझ्या पत्रात दिसतं. पण भांडण दीड लाखावर नेऊ नकोस, तिथे तुझी बाजू लंगडी पडेल. चेन, कॅसेट, केबल, ब्रेकपॅड, दोन टायर, मजुरी, हे सगळं माझ्या अंदाजाने दहा-बारा हजारांत बसायला हवं, ते माग आणि हक्काने माग.

एका गोष्टीत मात्र मी चुकीची ठरू शकते, आणि ते तपासल्याशिवाय काही विकत घेऊ नकोस, कॅसेट सुद्धा नको. फ्रेमच तुला मोठी असेल तर? सीटपोस्ट सोडवून सीट योग्य उंचीला आण, मग हूडवर हात ठेवून बस. कोपरं सहज वाकलेली राहायला हवीत. ताणून सरळ होत असतील तर हँडलचा स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) आखूड लावून बघ, ११० एमएमचा असेल तर ८० किंवा ९० चा. तरीही लांबच वाटत असेल, किंवा सीट योग्य उंचीला आणताना पोस्ट जवळजवळ पूर्ण आत जात असेल, तर ही सायकल तुझी नाही, तिच्यावर खर्च न करता नुसती स्वच्छ करून विकून टाक. मग नवी घे, पण तेव्हाही ॲल्युमिनियमचीच, डिस्क ब्रेकची, ३२ चे टायर बसतील अशी, मागे ३४ दातांचं चक्र असलेली, आणि तुझ्या मापाची. आत्ताच्या फ्रेमला वेल्डिंगच्या जागी, विशेषतः हँडलखाली आणि पॅडलच्या वर, रंगात केसासारखी रेघ दिसली तरीही तिच्यावर खर्च नको, नवीच घे, तशी फ्रेम एक दिवसही चालवू नकोस.

पोस्ट सुटला की तुझी उंची, पायाची आतल्या बाजूने जांघेपासून टाचेपर्यंतची लांबी आणि फ्रेमवर लिहिलेला साईज कळव. स्टेम किती एमएमचा घ्यायचा ते मग नक्की सांगता येईल.